रिकामं वजन

१

लाल रंगाला सत्यशीला कधी घाबरली नाही.

जुन्या डेटाबेसमधला कोड नव्या डेटाबेसमध्ये आपोआप उतरवून देणारी टूलं निघाली, तेव्हापासून ती हेच काम करत होती. ही टूलं काम झालं की एक अहवाल देतात. जे बिनबोभाट उतरलं ते हिरवं, एकदा तपासून घ्या म्हणतात ते पिवळं आणि ज्याला माणसाचा हात लागेल ते लाल. अहवाल उघडला की लोक आधी लाल ओळी बघतात आणि हबकतात. सत्यशीला आधी हिरव्या वाचायची. "लाल ओरडतं," असं ती हाताखालच्या मुलींना सांगायची, "ओरडणाऱ्याची भीती नसते. हिरवं गप्प बसून चूक करतं. टूलला व्याकरण कळतं, मतलब कळत नाही. मतलब आपण वाचायचा." अहवाल वाचण्यात तिचा हात धरणारं संभाजीनगरात तरी कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

त्या ऑक्टोबरात गेवराई तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं काम तिच्याकडे आलं. उसाची गाडी काट्यावर चढल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पोच पडेपर्यंतचा सगळा कारभार एका जुन्या डेटाबेसवर चालायचा. तो नव्यावर न्यायचा होता, तोही गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून गाळप सुरू व्हायच्या आत. सत्यशीलाचं माहेर चकलांब्याचं. आई छबुबाई तिथं एकटीच असे. सारी उमर कोयता धरून झाल्यावर लेकीनं आता तिला घरी बसवलं होतं. काम होईतो आईकडे राहायचं आणि रोज आपल्या गाडीनं कारखान्यावर जायचं, असं तिनं ठरवलं.

कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे शेती ऑफिसच्या मागची एकच खोली. एसीची घरघर, भिंतीला ओल आणि एक खिडकी. खिडकीतून समोर वजनकाटा दिसायचा. जमिनीच्या पातळीत बसवलेल्या लोखंडी पत्र्यांचा लांबलचक चौथरा आणि त्याच्या कडेला केबिन. विभागाचे प्रमुख सोमेश्वर, चाळिशी ओलांडलेले, हळू बोलणारे गृहस्थ. शुक्रवारी दुपारी अहवाल आला तेव्हा ते तिच्या मागंच उभे होते.

"लाल लई दिसतंय का मॅडम?"

"नाही. तुमचा जुना प्रोग्रामर नेटका माणूस होता. चार दिवसांत आटपेल."

मग तिची बोटं थांबली. एकच ओळ राखाडी होती. राखाडीचा अर्थ सोपा असतो: हा तुकडा डेटाबेसमध्ये आहे, पण त्याला कुणीच बोलावत नाही, नको असेल तर टाकून द्या. छोटंसं फंक्शन होतं. नाव होतं 'रिकामे_वजा'.

"मेलेला कोड," ती म्हणाली. "जुन्या घरात फुटके माठ असतात तसा प्रत्येक जुन्या सिस्टिममध्ये असतो." सवयीनं तिनं शेजारचा रकाना बघितला. फंक्शन शेवटचं कधी चालवलं गेलं ते तिथं असतं.

त्याच दिवशी सकाळी चाललं होतं.

"सोमेश्वर, सकाळी काटा चालू होता का?"

"कसा राहील? हंगाम संपल्यापासून केबिनला कुलूप हाय."

सत्यशीलानं मान डोलावली. याचंही उत्तर तिच्याकडे होतं. फंक्शनचं नाव तुकडे जोडून ऐन वेळी बनवलं, तर बोलावणारा टूलला दिसत नाही. कुठंतरी एखादं ठरल्या वेळचं काम आपलं आपण चालत असणार. सोमवारी शोधू, म्हणून तिनं लॅपटॉप मिटला.

२

सोमवारी तसं ठरल्या वेळचं एकही काम सापडलं नाही, तेव्हा तिनं अहवाल पुन्हा काढला. एका अहवालावर ती कधीच विसंबत नसे. दोन शेजारी ठेवायचे, फरक बघायचा, ही तिची रीत. फरक निघायला नकोच होता. शुक्रवारी जाताना तिनं डेटाबेस फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवला होता आणि खोलीची किल्ली सोमेश्वरांच्या खिशात होती.

सगळ्या ओळी जुळल्या. राखाडी ओळ तेवढी जुळली नाही.

त्या फंक्शनमध्ये एक आकडा थेट लिहून ठेवला होता. काट्यावर गाडीचं वजन झालं की त्यातून एवढे किलो कमी करा, बास, एवढंच त्याचं काम. शुक्रवारी तो आकडा त्रेचाळीस होता. आज चव्वेचाळीस.

तिनं शुक्रवारचा अहवाल पुन्हा उघडला. त्रेचाळीस. बदल कुणी केला तो रकाना कोरा होता. चुकीचं नाव असतं तरी चाललं असतं. कोरा रकाना तिनं इतक्या वर्षांत पाहिला नव्हता, कारण डेटाबेस निनावी माणसाला हात लावू देत नाही.

"तुमच्याकडे जुने बॅकअप असतील ना?"

सोमेश्वरांनी कपाटातून धुळीनं माखलेला खोका काढला. दर दोन-तीन वर्षांनी काढून ठेवलेल्या प्रती होत्या, कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हापासूनच्या. जेवणाची सुट्टी बुडवून सत्यशीलानं त्या एकेक करून टूलला दिल्या. प्रत्येक अहवालात ती राखाडी ओळ होतीच. आकडा मात्र प्रत्येकात वेगळा. सर्वांत जुन्या प्रतीत चार. मग अकरा, सतरा, सव्वीस, छत्तीस.

"काट्याचा सेन्सर म्हातारा होत चाललाय," ती म्हणाली. "दर हंगामाला थोडं थोडं जास्त दाखवायला लागला असेल, आणि तुमच्या माणसानं ठिगळ लावत नेलं."

बोलताना तिला ते पटत होतं. सोमेश्वरांनी तिनं कागदावर उतरवलेल्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, मला पोरगी हाय," ते म्हणाले. "असे आकडे मी पायलेत. अंगणवाडीत दर महिन्याला पोरांचं वजन मांडतात तसे. वयाप्रमाणं."

तेवढ्यात वीज गेली. एसी थांबला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. त्या शांततेत खिडकीबाहेरून आवाज आला. काट्याच्या पत्र्यावर काही चढलं की पत्रा खाली दबून एक बसका आवाज करतो. गाडीचं चाक चढलं तर मोठा, माणूस चढला तर बारीक. हा बारीक होता.

दोघांनी एकाच वेळी खिडकीतून बघितलं. ऊन मी म्हणत होतं. चौथऱ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"उन्हानं लोखंड फुगतं," सत्यशीला म्हणाली.

३

जुन्या प्रोग्रामरचं नाव विजयसिंह. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. बीडजवळ पालीला, बिंदुसरेच्या धरणालगत त्यांचं शेत होतं आणि ते तिथंच राहत. सोमेश्वरांनी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. कुणीतरी ती बंद केल्यावर म्हाताऱ्याचा आवाज स्पष्ट आला.

"बोला बाई."

सत्यशीलानं आपण कोण, काय काम करतो ते सांगितलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "सर, 'रिकामे_वजा' हे तुमचंच का?"

"माझंच," म्हातारा म्हणाला. उत्तर इतकं चटकन आलं की जणू कुणी विचारेल याची तो वाट बघत होता.

"काट्यात दोष होता का?"

"काटा चोख होता. वजनमापवाले दरसाल तपासून शिक्का मारून जायचे. गाडी भरून आत यायची तेव्हा वजन बरोबर. ऊस खाली करून रिकामी बाहेर निघाली की चार किलो जास्त. प्रत्येक गाडी. आता रिकाम्या गाडीचं वजन वाढलं म्हणजे उसाचं तेवढं घटलं. शेतकरी म्हणणार, काटा मारला. मी चार किलो वजा केले. सगळे गप्प झाले."

"पण सर, हा काटा पाच किलोच्या पटीत वजन दाखवतो. चार तो दाखवूच शकत नाही."

"हां. मलाबी तेच वाटलं होतं."

तिनं विचारलं, "मग तो आकडा वाढत कसा गेला?"

"दर हंगामाला मी काट्यावर बघायचो आन् बदलायचो. शेवटी शेवटी सव्वीस होता. मी निवृत्त झालो त्या साली तो आकडा बदलायचा राहून गेला. नंतर कळलं, तरी काट्यावर सगळं बरोबर चाललंय." मग म्हाताऱ्यानंच विचारलं, "आता किती झालं?"

"चव्वेचाळीस."

पलीकडे पाइपातलं उरलेलं पाणी पाटात ठिबकत होतं.

"चांगलं वाढलं," विजयसिंह म्हणाले.

सत्यशीलाला त्यांचा तो स्वर आवडला नाही. कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलावं तसा तो होता. "सर, हे नेमकं काय आहे?"

"ते मला विचारू नका बाई. मी बघितलं नाही. मी फक्त वजा केलं. तुमी बी तसंच राहू द्या."

४

राहू देणं तिला शक्य नव्हतं. काट्याच्या हिशोबात लपवलेली वजाबाकी म्हणजे कुणाच्याही नजरेत काटामारीच. उद्या कुणी नव्या सिस्टिमची तपासणी केली तर कारखान्याचं नाक कापलं जाईल, आणि अहवालाखाली सही तिची असेल. तिनं ठरवलं, नव्या डेटाबेसमध्ये 'रिकामे_वजा' जाणार नाही. काट्यात दोष असेल तर काटा दुरुस्त होईल. रोग अंगात आणि मलम कागदाला, हा प्रकार तिच्या कामात बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सिस्टिमवर, ते फंक्शन न घेता, चाचणी लावली. काट्याचा क्लार्क बंकट यानं केबिनचं कुलूप काढलं, गांधीलमाशीचं पोळं काठीनं पाडलं आणि कॉम्प्युटर पुसून ठेवला. आधी प्रमाण वजनं चौथऱ्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवून बघितली. काटा तंतोतंत. सत्यशीला मनात म्हणाली, सेन्सर म्हातारा नाही. हेही बरंच झालं. एक शंका मिटली.

मग कारखान्याचा ड्रायव्हर तानाजी याचा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली घेऊन आला. आत जाताना वजन झालं. ट्रॅक्टर यार्डातून गोल फिरला, गव्हाणीपाशी न थांबता, काहीही न भरता, काहीही न उतरवता, परत काट्यावर आला. तानाजी खाली उतरून उभा राहिला. आत जातानाचं आणि बाहेर जातानाचं वजन एकच यायला हवं होतं.

स्क्रीनवर फरक आला, पाचच्या पटीत न बसणारे चव्वेचाळीस किलो.

"रद्द करा," सत्यशीला म्हणाली. "नोंद ठेवू नका."

बंकटनं रद्दचं बटण दाबलं. ट्रॉलीत बघून झालं, चाकांचा चिखल खरवडून झाला. ट्रॅक्टर पुन्हा फिरला. पुन्हा चव्वेचाळीस. पुन्हा रद्द. तिनं ट्रॉली सोडवून नुसता ट्रॅक्टर आणायला लावला. चव्वेचाळीस. आणि एक गोष्ट तिच्या लक्षात आली. गाडी आत जाताना हे कधीच होत नव्हतं. फक्त बाहेर जाताना.

"बंकट, तुम्ही किती वर्षं आहात इथं?"

"लई झाली."

"कधी काही वाटलं नाही?"

"मला कावून वाटंल?" बंकट स्क्रीनकडेच बघत म्हणाला. "मशिन दाखवंल ते मी लिव्हितो. पण म्याडम, एक सांगू का. रिकामी गाडी काट्यावरनं खाली उतरली की पत्रा दोनदा वाजतो. एकदा गाडी उतरल्याचा. मंग जरा वेळानं बारका. मला वाटायचं, गाडीसंगं जायाला कुणी चढलं आन् जाऊ दिलं न्हाई म्हून परत उतरलं."

तानाजी दारात उभा राहून हसला. "तू दिवसाच घेतो काय बे?"

बंकट हसला नाही.

५

दुपारनंतर सत्यशीलानं स्वतःची गाडी काढली. ट्रॅक्टर जुना, ट्रॉली वाकलेली, सतराशे साठ पळवाटा. तिची गाडी नवी होती आणि तिच्यात काय आहे काय नाही हे तिला माहीत होतं. गाडी काट्यावर उभी करून ती केबिनमध्ये आली, आत जातानाचं वजन घेतलं, यार्डातून चक्कर मारली, परत काट्यावर आणून उभी केली आणि उतरून दार लावलं.

स्क्रीनवर आकडा थरथरला, चढला आणि थांबला. फरक चव्वेचाळीस.

"रद्द?" बंकटनं विचारलं.

"नको. ही नोंद ठेवा." काटा बसवून देणाऱ्या कंपनीला दाखवायला तिला पक्का पुरावा हवा होता. बंकटनं नोंद पक्की केली. नव्या सिस्टिममध्ये प्रत्येक पक्क्या नोंदीबरोबर कॅमेरा फोटो काढून ठेवायचा. फोटोत तिची रिकामी गाडी उन्हात चकाकत होती. प्रिंटरमधून गेट पास बाहेर आला: गाडी नंबर, वजन आणि खाली मोठ्या अक्षरात, 'बाहेर जाण्यास परवानगी.'

तिनं गाडी चौथऱ्यावरून काढून चिंचेखाली लावली आणि परत आली.

"पत्रा एकदाच वाजला," बंकट म्हणाला.

"काय?"

"काई न्हाई."

तानाजीचा ट्रॅक्टर पुन्हा काट्यावर चढला. आत, चक्कर, बाहेर. फरक शून्य. पुन्हा. शून्य. ट्रॉली जोडून, शून्य. सोमेश्वर खोलीतून धावत आले; त्यांनी स्वतः दोन गाड्या घालून बघितल्या. शून्य.

सत्यशीलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. केबिनमधल्या जोडणीत कुठंतरी ओल धरली असेल, दिवसभर वीज खेळल्यावर ती सुकली असेल. खरं कारण तंत्रज्ञ आल्यावर कळेलच. तिनं तिथंच अहवालात राखाडी ओळीपुढं लिहिलं: 'अनावश्यक. नव्या प्रणालीत घेतलेले नाही.' दोन दिवस अंगावर बसलेला घोर उतरल्यासारखं तिला वाटलं.

"मॅडम, तुमी म्हणजे तुमीच," सोमेश्वर म्हणाले. ते मनापासून बोलले. फक्त बोलताना त्यांची नजर चिंचेखालच्या गाडीकडे गेली आणि तिथून लगेच निघाली.

६

ऊन कलायच्या आतच ती निघाली. गेटवरच्या पहारेकऱ्यानं तिचा पास बघून खांब वर केला. कपाशीच्या शेतांमधून रस्ता सरळ जात होता. तिनं गाडीला वेग दिला आणि गाडी टीं-टीं करायला लागली.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी अशी ओरडते. तिनं डावीकडे बघितलं. सीटवर लॅपटॉपची बॅग होती. वजनदार बॅगेनंही असं होतं. गाडी बाजूला घेऊन तिनं बॅग मागच्या सीटवर टाकली आणि पुन्हा निघाली.

टीं. टीं. टीं.

तिनं गाडी थांबवली, बंद केली, सुरू केली. समोर लाल दिवा लागलेलाच होता, पट्टा बांधलेल्या माणसाचं छोटं चित्र. तिनं हात लांब करून सीटवर तळवा ठेवला. कापड उन्हानं तापलेलं. पण मधोमध, बसायच्या जागी, गार होतं. कुणीतरी बसून ऊन अडवल्यासारखं.

सत्यशीलानं हात मागं घेतला. तिच्या डोक्यात उत्तरं होती. सीटखालचा सेन्सर बिघडला. काट्यावर गाडी नेली, काही हललं असेल. ती उत्तरं एकेक करून तिनं मनाशी म्हटली, वर्गात पाढे म्हणावेत तशी. आवाज थांबेना. शेवटी तिनं वाकून डाव्या सीटचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटक्यात अडकवला.

आवाज थांबला. दिवा विझला.

आता गाडीत इतकी शांतता होती की तिला आपला श्वास ऐकू येत होता. आपलाच, असं तिनं ठरवलं.

चकलांब्याचा फाटा दिसायला लागला तेवढ्यात आईचा फोन आला.

"निघालीस का गं? भाकरी टाकते."

"निघाले."

"कितीजनी येताव? त्या कारखान्यातली पोरगी यायची म्हनत हुतीस जेवाया. किती टाकू?"

साधा प्रश्न होता. सोमेश्वरांच्या ऑफिसातली एक मुलगी जेवायला येणार असं ती परवा खरंच म्हणाली होती. पण कुठल्याही प्रश्नाला तोंडावर उत्तर देणाऱ्या सत्यशीलाला तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर देता येईना. तिला आईचं घर दिसलं. पडवीत चूल, ओट्यावर एकटी आई, आणि दाराशी येऊन थांबणारी ही गाडी.

"आये," ती म्हणाली, "मी आज येत न्हाई."

"आन् आता निघाली म्हनलीस की. कावून?"

"काम ऱ्हायलंय एक. तू जेवून घे. दार लावून घे."

फाट्यावर तिनं गाडी वळवली.

७

काट्यावर अजून माणसं होती. हंगामाच्या तयारीसाठी दोन-तीन ट्रॅक्टर वजन करून घ्यायला रांगेत लागले होते. सत्यशीलानं गाडी रांगेच्या पुढं नेऊन सरळ चौथऱ्यावर चढवली. डावीकडचा पट्टा तसाच लावलेला ठेवून ती लॅपटॉपची बॅग घेऊन उतरली आणि केबिनमध्ये शिरली. सोमेश्वर आणि बंकट तिच्याकडे बघतच राहिले.

"मघाचंच आत जातानाचं वजन लावा. फरक बघा."

बंकटनं लावलं. "चव्वेचाळीस."

"नोंद करू नका. थांबा."

तिनं लॅपटॉप उघडला. ते फंक्शन मोजून सात-आठ ओळींचं. टूलला न विचारता, जुन्या कोडमध्ये बघून तिनं ते नव्या डेटाबेसमध्ये आपल्या हातानं लिहिलं. बोटं अजिबात अडखळली नाहीत. विजयसिंहांनी इतकी वर्षं केलं तेच करायचं होतं. आकडा लिहायची वेळ आली तेव्हा तिनं चव्वेचाळीस लिहिले, फंक्शन जोडून दिलं आणि म्हणाली, "आता करा."

बंकटनं बटण दाबलं. स्क्रीनवरचा आकडा खाली आला. फरक शून्य. नोंद पक्की झाली.

"झालं," सोमेश्वर सुटकेनं म्हणाले. "आलं परत जागेवर."

काय आलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. अहवालातल्या राखाडी ओळीपुढचा मघाचा शेरा खोडून तिनं लिहिलं: 'हाताने उतरवले. चालू.' आता सगळ्या ओळींचा हिशोब लागला होता. इतका स्वच्छ अहवाल तिच्या हातून बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मग नोंदीच्या शेजारचा फोटो उघडला.

कॅमेरा केबिनच्या छपरावरून गाडीच्या पुढच्या काचेत बघत होता. ड्रायव्हरची सीट रिकामी, तिचा पट्टा दाराशी सरळ लोंबत असलेला. डावीकडची सीटही रिकामीच. पण तिचा पट्टा सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. तो पाठीपासून वीतभर पुढं होता. खांद्याशी वळून, छातीवरून गोल होऊन, पोटाशी घट्ट बसला होता. कशावरून तरी. पट्ट्याच्या आत, जिथं कुणीतरी असायला हवं, तिथं सीटच्या पाठीचं कापड स्वच्छ दिसत होतं.

फोटोखाली लिहिलेलं होतं: फरक ० किलो.

सत्यशीलानं फोटो मोठा करून बघितला नाही. वजाबाकी कशातून झाली हे तिला कळलं होतं. आकड्यातून, गाडीतून नाही. विजयसिंहांनी त्याचं वजन पासावर कधी येऊच दिलं नव्हतं, म्हणून ते काट्यावरच अडून राहिलं; तिनं मात्र ते वजन धरूनच बाहेर जायची परवानगी छापून दिली होती.

"म्याडम," बंकट हळू आवाजात म्हणाला. त्यानंही फोटो बघितला होता. "गाडी खाली घ्यावं लागंल. मागं रांग लागली."

बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न देत होते. सोमेश्वर म्हणाले, गाडी आज इथंच ठेवा, मी तुम्हाला सोडतो. ती नको म्हणाली. गाडी इथं ठेवली तर सकाळी तिच्यात कुणी बसलेलं आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तसं न कळणं तिला चालत नव्हतं. तिनं किल्ली उचलली.

चौथऱ्यावरून चालताना तिच्या पायाखाली पत्रा एकदा वाजला. तिनं दार उघडलं, बसली, आपला पट्टा लावला आणि गाडी सुरू केली. डावीकडे बघितलं नाही.

"बस नीट," ती म्हणाली. आवाज हवा तसा निघाला, ठाम.

गाडी काट्यावरून उतरून गेटाकडे वळली. पहारेकऱ्यानं खांब वर केला. पुढं डांबरी रस्ता दोन्हीकडे पसरला होता, उन्हात पिवळा झालेला. तेव्हा तिच्या डाव्या कानाशी पट्ट्याची गुंडाळी हलकेच फिरल्याचा आवाज झाला, आणि बाहेरचा रस्ता बघायला कुणी पुढं वाकावं तसा तो पट्टा सावकाश, हात हात लांब होत गेला.

सत्यशीलानं ब्रेक लावला नाही.